चौथी खिडकी

तुम्ही ती ओळ काढून टाकलीत आणि कुणाला काही बोलला नाहीत. हा आरोप आहे, आणि आरोप तोंडावर केलेला बरा. छापताना तुमचा केवढा थाट होता! तुमच्या कचेरीने शाळाशाळांत वादळाच्या सूचनांची पत्रकं वाटली, प्रत्येक पोराच्या दप्तरातून घरी पाठवलीत, आईबापांच्या सह्या मागवल्यात, खाली गोल शिक्का मारलात. क्रमांक चार: टोर्नेडो येताना दिसला की वादळाच्या विरुद्ध बाजूच्या खिडक्या उघडा, म्हणजे आतली हवा बाहेर पडेल आणि घर फुटणार नाही. पुढे कधीतरी तुमच्याच माणसांच्या लक्षात आलं की हे साफ खोटं आहे. घर आतल्या हवेने फुटत नाही, बाहेरच्या वाऱ्याने उडतं, आणि उघड्या खिडकीतून त्याला आयती वाट मिळते. मग तुम्ही पुढच्या छपाईत क्रमांक चार गाळलात, पाचाचा चार केलात, सहाचा पाच केलात, आणि हात झटकलेत.

आमच्या पाइनी फोर्क गावाला कुणी सांगितलं नाही. हॉइट टिडवेलला तर नाहीच नाही.

हॉइट म्हणजे उत्तर अलाबामातल्या त्या चढउताराच्या टापूतला रंगारी. वय एकसष्ट, पाठ अजून ताठ, नखांत कायम कुठला ना कुठला रंग. घराला रंग लावणारे तिकडे पुष्कळ आहेत. हॉइटचं नाव होतं ते खिडक्यांसाठी. तिकडच्या जुन्या लाकडी घरांच्या खिडक्या खालून वर सरकवून उघडायच्या असतात. रंग ओला असताना खिडकी आणि चौकट एकमेकींना चिकटतात, आणि रंग वाळला की ती खिडकी भिंतीचाच भाग होऊन बसते. हॉइटने रंगवलेली खिडकी कधी अशी बसली नाही. रंग वाळल्यावर तो पुट्टीचं पातं घ्यायचा आणि खिडकीच्या चारी कडांनी, चौकटीच्या फटीतून, अलगद फिरवायचा. मग मेणबत्तीचं थोटूक दोन्ही खाचांतून वरखाली घासायचा. मग त्या घरातलं सगळ्यात लहान चालतंबोलतं पोर बोलवायचा आणि म्हणायचा, "दोन बोटांनी. फक्त दोन." खिडकी दोन बोटांनी वर गेली तरच शिडी पिकअपमध्ये चढायची. नाहीतर पुन्हा पातं, पुन्हा मेण.

आणि निघताना दारात उभा राहून एक वाक्य ठरलेलं. "वादळ आलं की आधी खिडक्या, मग बाकीचं." चाळीस वर्षांत किती घरांच्या दारांत त्याने ते म्हटलं असेल, त्याचं त्यालाच माहीत. तुमचं काम तो फुकटात करत होता.

घरी तर विचारूच नका. आभाळ नुसतं गुरगुरलं तरी हॉइट उठायचा आणि या खोलीतून त्या खोलीत धडाधड खिडक्या वर करत सुटायचा. पाऊस आडवा आत यायचा. गालिचे भिजायचे, पडदे भिजायचे, एकदा तर नेल्डाने टेबलावर गार व्हायला ठेवलेला वाढदिवसाचा केक भिजला. नेल्डा म्हणजे त्याची बायको. शाळेच्या भोजनगृहात तीनशे पोरांना वाढून निवृत्त झालेली, आवाजाने खणखणीत. कपाटात तिने जुन्या टॉवेलांचा एक वेगळा ढीग ठेवला होता, आणि त्याला ती 'हॉइटचे टॉवेल' म्हणायची.

"माझ्या बहिणींच्या नवऱ्यांना दारू आहे, पत्ते आहेत," ती लोकांना सांगायची. "माझ्या नवऱ्याला खिडक्या आहेत. चालायचंच. खिडक्यांचा वास तरी येत नाही."

तो हसायचा. पस्तीस वर्षं दोघांचं छान चाललं होतं. हे का, असं तिने कधी खोदून विचारलं नाही, कारण उत्तर तिला माहीत आहे असं तिला वाटायचं. त्याची आई चौऱ्याहत्तरच्या वादळात गेली होती. एवढं कारण कुणालाही पुरलं असतं. पण ते अख्खं नव्हतं. अर्धं हॉइटने कुणालाच सांगितलं नव्हतं.

ते अर्धं असं.

चौऱ्याहत्तर साली हॉइट अकरा वर्षांचा होता आणि त्याची बहीण लव्हॉन सहाची. वडील सूतगिरणीत. मार्चमध्ये वडिलांनी घराच्या चारही खिडक्या पांढऱ्या रंगवल्या, आणि हॉइटच्या हातात पुट्टीचं पातं देऊन सांगितलं, "शनिवारपर्यंत वाळतील. शनिवारी चारी बाजूंनी पातं फिरव, नाहीतर चिकटून बसतील." शनिवारी हॉइटने स्वयंपाकघरातली खिडकी केली, पुढच्या खोलीतल्या दोन केल्या, आणि चौथीला, मागच्या झोपायच्या खोलीतल्या खिडकीला, हात लावणार तेवढ्यात बाहेरून शिट्टी आली. मित्र गळ घेऊन तळ्यावर निघाले होते. पातं खिशात घालून हॉइट गेला. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "झाल्या?" तो म्हणाला, "चारही झाल्या."

बुधवारी, एप्रिलच्या तीन तारखेला, दुपार कलल्यावर आभाळ शेवाळासारखं हिरवं झालं. त्या एका दिवसात किती राज्यांत किती टोर्नेडो उतरले ते मागाहून पेपरात आलं. पाइनी फोर्कला आपला एकच दिसला. वडील पाळीवर होते. आई, तिचं नाव मॉडीन, तिने पलंगावरची गादी ओढून मधल्या बोळात आणली, लव्हॉनला तिच्याखाली बसवलं आणि फ्रीजवर चिकटवलेल्या पत्रकाकडे बोट करून ओरडली, "हॉइट! खिडक्या!" तो धावला. स्वयंपाकघरातली वर गेली. पुढच्या खोलीतल्या दोन्ही वर गेल्या. पण वादळ येत होतं नैर्ऋत्येकडून, म्हणजे पत्रकाप्रमाणे उघडायला हवी होती नेमकी ती ईशान्येकडची, मागची. ती हलेना. त्याने तळहात लावले, खांदा लावला, रडू फुटलं. "आई, उघडत नाही!" आई बोळातून उठून आली, त्याला दंडाला धरून मागे ढकललं, म्हणाली, "जा, बहिणीपाशी जा," आणि स्वतः खिडकीला भिडली. तो बोळात पोचला, गादीखाली शिरला. आणि मग आवाज. त्या आवाजाबद्दल लोक आगगाडी म्हणतात, विमान म्हणतात. 

बोळ उरला होता. बाकी घर नव्हतं. शेजाऱ्यांना आई ओढ्याच्या अलीकडे सापडली, आणि तिच्या मुठीत एक जेवणाचा चाकू होता.

म्हणजे हिशेब सरळ होता, हॉइटच्या लेखी. चौथी खिडकी उघडली नाही, म्हणून हवा कोंडली, म्हणून घर फुटलं, म्हणून आई गेली. आणि चौथी खिडकी उघडली नाही ती का, हे जगात एकट्याला माहीत होतं. चाळीस वर्षं दर कामावर चारी कडांनी पातं फिरवताना तो तीच खिडकी सोडवत होता. लोक म्हणायचे, काय हात आहे या माणसाचा!

त्या दिवसाला पन्नास वर्षं झाली तेव्हा गावाने त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं. रडारड थोडी, जेवण फार. आधी गेलेल्यांची नावं वाचली, प्रत्येक नावाला एकदा घंटा. 'मॉडीन टिडवेल' आलं तेव्हा हॉइटने बुटांकडे पाहिलं आणि शेजारी बसलेल्या लव्हॉनने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग लांबच लांब टेबलांवर तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, लोण्यात शिजवलेल्या शेंगा, नेल्डाची मसाला भरलेली अंडी, गार गोड चहाची पिंपं. ज्यांची छपरं त्या दिवशी उडाली होती ते म्हातारे आता कुणाचं छप्पर कुठवर गेलं यावरून पैजा लावत होते.

"आमचं छप्पर टेनेसीत गेलं."

"तुमचं छप्पर आमच्या डुकरांच्या गोठ्यावर होतं. मी स्वतः उचललंय. टेनेसी म्हणे!"

हॉइटला नारळाच्या केकचा मोठा तुकडा मिळाला होता. तो मजेत होता. सभा-समारंभात त्याला तसं बरं वाटायचं, कारण हॉलच्या बारा खिडक्या त्याच्याच हातच्या होत्या. केकच्या ताटलीशेजारी नवी पत्रकं ठेवली होती. तुमच्या जिल्ह्याच्या कचेरीतून टेसा ब्रँट नावाची तरुण मुलगी आली होती, निळा सदरा, गळ्यात ओळखपत्र. तिने ती टेबलाटेबलावर मांडली होती. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. हॉइटने चष्मा लावला, कारण छापलेलं वाचायची त्याला सवय होती.

'खिडक्या उघडण्यात वेळ घालवू नका. त्याने घर वाचत नाही, उलट धोका वाढतो. खिडक्यांपासून दूर राहा.'

त्याने काटा खाली ठेवला. पुन्हा वाचलं. मग ताटली तशीच सोडून तो टेसापाशी गेला.

"बाई, हे छापताना काहीतरी चुकलंय."

"कुठे, मिस्टर हॉइट?" तिथे वयाने मोठ्या माणसाला असं पहिल्या नावानेच, पण मान देऊन हाक मारतात. जेवणाआधी कुणीतरी त्यांची ओळख करून दिली होती.

"हे खिडक्यांचं. उघडू नका म्हणताय."

"बरोबरच आहे ते. उघडायच्या नसतात."

"केव्हापासून?"

"अहो, कधीच नसतात! तो लोकांचा जुना गैरसमज आहे. आजी-पणजीच्या वेळचा. काही गावांत अजून निघतो, म्हणून मुद्दाम छापतो आम्ही." ती हसली. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला जे शिकवलं तेच ती बोलत होती.

"लोकांचा," हॉइट म्हणाला.

"म्हणजे, ऐकीव असतं ना. एकाचं दुसऱ्याला."

"लोकांचा गैरसमज," तो पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरची छपरांची पैज थांबली.

नेल्डा चहाचं भांडं घेऊन मागेच उभी होती. तिने भांडं दाणकन ठेवलं. "थांब गं पोरी. कुठे जाऊ नकोस. हॉइट, स्क्रूड्रायव्हर आहे का खिशात?"

"का?"

"आहे का नाही?"

होता. रविवारच्या कोटातसुद्धा असायचाच. नेल्डा त्याला दंडाला धरून हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि सिंकवरच्या कपाटाचं दार तिने उघडलं. ते चर्च टेकडीच्या पलीकडच्या उतारावर होतं, त्याला वादळ शिवलंच नव्हतं, त्यामुळे कपाटंही तीच होती. कॉफी गाळायच्या कागदांचा डबा ती दर रविवारी तिथूनच काढायची. दाराच्या आतल्या बाजूला, अर्ध्या शतकाच्या तेलकट धुराने पिवळं झालेलं, चारी कोपऱ्यांना गंजलेल्या टाचण्या ठोकलेलं, ते जुनं पत्रक होतं. एक ते सात. क्रमांक चार जागच्या जागी. खाली शिक्का.

हॉइटने कागद काढायला नख लावलं.

"फाटेल! दारच काढ," नेल्डा म्हणाली.

त्याने बिजागऱ्यांचे स्क्रू सोडले आणि अख्खं दार काखेत मारून तो हॉलमध्ये आला. टेसाच्या पत्रकांवर त्याने ते आडवं ठेवलं. केकवर थोडी धूळ उडाली.

"वाच, बाई. चार नंबर. मोठ्याने वाच, या लोकांनाही ऐकू दे. त्यांचाच गैरसमज आहे म्हणे."

टेसाने वाचलं. शेवटाकडे तिचा आवाज बारीक झाला. मग तिने शिक्क्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"हे... हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"कधी बदललं?" नेल्डाने विचारलं.

"नाही सांगता येणार, मॅडम. माझ्या जन्माच्या आधी असणार. मी कधी हे पाहिलंच नव्हतं."

"आणि बदललं तेव्हा सांगायला कोण आलं होतं इथे? कुणाला आठवतंय?" नेल्डाने सगळ्या हॉलला विचारलं. तीनशे पोरांना गप्प करणारा आवाज होता तो. कुणाला आठवत नव्हतं. मागून एक म्हातारा म्हणाला, "मी तर परवापर्यंत उघडत होतो."

"मी वर विचारते," टेसा म्हणाली. "खरंच विचारते." तिने दाराचा फोटो काढून घेतला. तिच्याबद्दल तक्रार नाही. तिचे कान लाल झाले होते, आणि तुमच्या कचेरीतलं लाल झालेलं काही आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

हॉइट तोवर तिथे नव्हता. तो हॉलच्या बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसला होता. ऊन छान पडलं होतं. नेल्डा आणि लव्हॉन त्याच्यामागून आल्या. लव्हॉनच्या हातात त्याचा राहिलेला केक होता.

"खा," ती म्हणाली. "आई म्हणायची, रडायचं असेल तर आधी खाऊन घ्या."

"मला एक सांगायचंय तुम्हाला."

"सांग."

 दोघी दोन बाजूंना बसल्या. समोर पिकअपच्या पाठीवर त्याच्या शिड्या उन्हात चमकत होत्या.

"ती मागची खिडकी," तो शेवटी म्हणाला. "ती मी कापलीच नव्हती. पातं फिरवलंच नव्हतं. वडिलांना खोटं बोललो. तळ्यावर गेलो होतो मासे धरायला." मग सगळंच बाहेर आलं, एका दमात, लहान मुलासारखं. घर त्यामुळे फुटलं असं आजवर वाटत होतं. आज कळलं की त्यामुळे नाही. पण आई उठून आली ती तर त्या खिडकीपायीच. ती मी कापली असती तर ती उघडली असती, आई बोळातच राहिली असती. म्हणजे फिरून तेच. "पन्नास वर्षं मी हे कुणाला कळू दिलं नाही," तो म्हणाला.

लव्हॉनने त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"हसतेस काय?"

"हॉइट, मासे किती मिळाले होते तुला?"

"काय?"

"त्या शनिवारी. किती मिळाले?"

"चार. छोटे होते."

"आणि तू ते घरी आणलेस."

"आणले. मग?"

"मग आईने ते मक्याचं पीठ लावून तळले. आणि मी एक खाल्ला, वडिलांनी खाल्ला, आईने खाल्ला, तूही खाल्लास. अरे गाढवा! दुपारभर खिडक्या खरवडत होतास आणि बादलीत मासे आणलेस, तर मासे काय चौकटीतून निघाले? सगळ्या घराला माहीत होतं तू कुठे होतास ते! मी सहा वर्षांची होते, मलासुद्धा माहीत होतं. वडील जेवताना म्हणाले, 'खिडकीला आज चांगले मासे लागले.' आई एवढी हसली की तिला ठसका लागला."

हॉइटचं तोंड उघडंच राहिलं. ठसका त्याला आठवला. आईचं ते पाणी पिणं, पदराला पुसावं तसं एप्रनला डोळे पुसणं, सगळं आठवलं. ती का हसत होती एवढंच त्याने कधी विचारलं नव्हतं, कारण तो मान खाली घालून काटे काढत होता.

"आईला माहीत होतं," तो म्हणाला.

"आईला तर पहिल्यांदा."

मग त्याला चाकू आठवला. पन्नास वर्षं तो चाकू त्याला सलत होता, कारण त्याला वाटायचं, आई जेवणाची मांडामांड करताना उठली, हातात होता तो तसाच राहिला. पण आई तर बोळात होती, गादी ओढत होती. गादी दोन्ही हातांनी ओढतात. म्हणजे त्याची हाक ऐकल्यावर ती आधी स्वयंपाकघरात वळली, खण उघडला, चाकू घेतला आणि मग आली. ती खिडकी का उघडत नाही हे तिला ठाऊक होतं. ती रंग कापायलाच आली होती. आणि त्या वेळीसुद्धा, तसल्या आभाळाखाली, तिने त्याला एवढंच म्हटलं होतं, जा, बहिणीपाशी जा. रागावली नव्हती. रागवायला वेळ नव्हता असं नाही, एक शिवी हासडायला कितीसा वेळ लागतो.

त्याने हे दोघींना सांगितलं. लव्हॉनचं हसू आता रडण्यात गेलं होतं, नेल्डाचंही, आणि तिघं त्या पायऱ्यांवर उन्हात बसून एकाच ताटलीतला केक खात नाकं पुसत होती.

"एक सांगू?" नेल्डा म्हणाली. "कुणी तो चार नंबर लिहिलाच नसता, तर कुठलीच खिडकी उघडायला कुणी उठलं नसतं. ना तू, ना ती. तू मासे धरले असतेस आणि तिने तळले असते. एवढंच झालं असतं."

हॉइटने मान हलवली. मग काटा चाटून म्हणाला, "दार बसवायला हवं. कपाट उघडं पडलंय."

त्याने दार पुन्हा बसवलं. पत्रक तसंच राहू दिलं, पण क्रमांक चारवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'खोटं. हॉ. टि.'

आणि मग त्याने ते केलं जे तुम्हाला इतक्या वर्षांत जमलं नाही. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत, काम संपल्यावर रोज दोन-तीन, असं करत, ज्या ज्या घराच्या दारात त्याने ते वाक्य म्हटलं होतं त्या प्रत्येक दारात तो पुन्हा गेला. टोपी काढायचा आणि सांगायचा, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. खिडक्यांना हात लावू नका. मधल्या बोळात बसा, डोक्यावर काहीतरी घ्या. माझी चूक झाली." लोक त्याला बसवून घ्यायचे, चहा द्यायचे, पीचची तळलेली करंजी हातावर ठेवायचे. उन्हाळ्यात त्याचा पट्टा एक भोक पुढे सरकला.

नव्वदीच्या मिसेस ऑडम म्हणाल्या, "हॉइट, तू सांगून गेलास त्याला अठरा वर्षं झाली. मी एकदाही उठले नाही. हे माझे गुडघे बघ आणि सांग, या गुडघ्यांनी मी खिडक्या उघडायला जाईन?"

"म्हणजे तुम्ही माझं ऐकलंच नाही?"

"मी माझ्या नवऱ्याचं ऐकलं नाही, तुझं काय ऐकते!"

तो घरी येऊन हे नेल्डाला सांगायचा आणि दोघं पोट धरून हसायची.

सप्टेंबरातल्या एका दुपारी आभाळ गुरगुरलं. नेल्डा सवयीने टॉवेलांच्या कपाटाकडे गेली आणि मधेच थांबली. हॉइट बोळात जमिनीवर बसला होता, पाठ भिंतीला, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबलेले, म्हणजे उठायला नकोत. ती जाऊन शेजारी बसली. पाऊस बाहेरच पडला. अर्ध्या तासाने पाऊस उघडल्यावर तो उठला, मागच्या खोलीत गेला आणि तिथली खिडकी त्याने दोन बोटांनी वर केली.

"आता का?" नेल्डाने बोळातून विचारलं.

"गार हवा येतेय," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

त्याच खिडकीशी बसून त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं. मजकूर हॉइटचा, अक्षर नेल्डाचं, कारण हॉइटचं अक्षर हॉइटलाच लागत नाही. ही हकिकत आम्ही गावकऱ्यांनी त्याला जोडली आहे. सोबत कपाटाच्या दाराचा फोटो आहे, आणि उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफाही आहे, म्हणजे तेही कारण राहू नये. टेसा ब्रँटने वर विचारलं होतं. तिला सांगण्यात आलं की जुन्या बाबी उकरू नयेत. आमच्यासाठी ही बाब जुनी नाही. तीन एप्रिलला एक बाई बोळातून उठून तुमच्या छापील शब्दाला मान द्यायला गेली, आणि तिचा मुलगा त्यानंतर पन्नास वर्षं तुमचा गुन्हा स्वतःचा समजून खिडक्या सोडवत राहिला. त्याची चूक एका दुपारची होती, आणि ती सगळ्या घराने तळून खाल्ली होती. त्याने उरलेलीही दारोदार जाऊन निस्तरली.

तुमची राहिली आहे. फार काही मागत नाही, तीनच गोष्टी विचारतो. क्रमांक चार तुम्ही कोणत्या साली काढलात? तो खोटा आहे हे तुम्हाला त्याच्या किती आधी कळलं होतं? आणि आम्हाला सांगायची गरज नाही, हे कोणत्या माणसाने, कोणत्या टेबलाशी बसून ठरवलं? त्याचं नाव लिहा. लिफाफ्यावर पत्ता घातलेला आहे. उत्तर द्या.